पुराणाचा आडोसा की पुराणाचाच विषय: सोळाव्या शतकातली देवदेवतांची प्रणयचित्रे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या कलाभ्यास गटापुढे युरोपीय प्रबोधनकाळातली, देवदेवतांच्या प्रणयाची तीन एनग्रेव्हिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे, दाखवायची आहेत. एक काराल्योचे ‘ज्युपिटर आणि अँटिओपी’, दुसरे गोल्ट्झियसचे ‘मार्स आणि व्हीनस’ (ज्युपिटर हा देवांचा राजा, मार्स युद्धाचा देव, व्हीनस प्रेमाची देवी). तिसरे सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार आगोस्तिनो कार्राची याच्या नावाने इंटरनेटवर फिरणारे. त्याचेही नाव ‘मार्स आणि व्हीनस’च, पण ते अगदी उघडे संभोगचित्र आहे. गटातले एक सदस्य म्हणाले, ‘देवांची नावे नुसती चिकटवली आहेत, असली चित्रे खपवायला.’ यावर काय म्हणावे? शिवाय मार्कान्तोनियो रायमोन्दी या एनग्रेव्हरला अशाच चित्रांपायी तुरुंगात टाकले होते, मग बाकीचे कसे सुटले?

मी तांब्याच्या पत्र्यावर बुरीन या टोकदार पोलादी हत्याराने कोरून प्रिंट काढतो आणि ते शिकवतोही. संग्रहालयांच्या अभ्यासिकांत बसून जुनी प्रिंट्स जवळून पाहणे हा त्याच कामाचा भाग. त्यामुळे माझे उत्तर कोरणाऱ्याच्या बाजूने येईल. तुमच्या सदस्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. काही चित्रांच्या बाबतीत ते अगदी खरे आहे. पण ते सरसकट लावले तर यातली सर्वांत चांगली चित्रे हातची जातात, आणि ते मला होऊ द्यायचे नाही.

आधी तिसरे चित्र बाजूला काढू, कारण निम्मा गोंधळ त्याच्यामुळे आहे. ते सोळाव्या शतकातले नाही. ते 1798 मध्ये पॅरिसला निघालेल्या एका चित्रसंग्रहातले आहे. झाक-जोसेफ क्वानी या फ्रेंच एनग्रेव्हरने त्या प्लेट्स कोरल्या आणि प्रकाशकाने वजन यावे म्हणून मुखपृष्ठावर आगोस्तिनो कार्राचीचे नाव घातले. आगोस्तिनो 1602 मध्येच वारला होता. त्या संग्रहात प्रत्येक जोडप्याला एक भारदस्त नाव आहे: मार्स आणि व्हीनस, बॅकस आणि अरियाड्नी, अँटनी आणि क्लिओपात्रा, ईनियस आणि डायडो. एका चित्राची चिठ्ठी काढून दुसऱ्याला लावली तरी फारसे काही बिघडत नाही. इथे नावे खरोखरच चिकटवलेली आहेत, आणि तुमच्या सदस्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा हेच चित्र असावे. आगोस्तिनोने स्वतः 1590 ते 1595 च्या सुमारास ‘लाशिव्हिए’ म्हणून ओळखली जाणारी लहान प्रिंट्सची मालिका केली होती, हे खरे. तिच्यात व्हीनस, सॅटर (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा रानातला कामुक जीव), ऑर्फियस-युरिडिसी आहेत आणि बायबलातली सुझॅना नि लॉटच्या मुलीही आहेत. त्या खऱ्या मालिकेतली चित्रे आणि 1798 ची चित्रे शेजारी ठेवली तर रेघेवरूनच कळते की हात वेगळा आहे.

आता मूळ प्रश्न. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पुराणकथा हा चित्राचा खरा विषय आहे की आडोसा, हा एक. कोणत्या चित्रावर कारवाई झाली आणि का, हा दुसरा. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. दोन्ही उत्तरे परिस्थितीवर अवलंबून आहेत: चित्र भिंतीवर आहे की कागदावर, कोणत्या वर्षी छापले, कोणाच्या शहरात, आणि आपल्यासमोर आहे ती प्रत प्लेटच्या कोणत्या अवस्थेतली आहे (प्लेटमध्ये बदल करून पुन्हा छापले की ती नवी अवस्था).

तुरुंगाची गोष्ट आधी सांगतो. साल 1524, शहर रोम, पोप सातवा क्लेमेंट. राफाएलचा पट्टशिष्य जूलियो रोमानो याने संभोगाच्या सोळा आसनांची रेखाटने केली आणि मार्कान्तोनियोने ती तांब्यावर कोरून छापली. इटालियनमध्ये या संचाला ‘इ मोदी’ म्हणतात. त्यात देव नव्हते, कथा नव्हती. पुरुष आणि स्त्री, एवढेच. त्या काळच्या कलावंतांची चरित्रे लिहिणारा वासारी सांगतो की ही चित्रे जिथे असायची अपेक्षाच नव्हती अशा जागी सापडली, मग त्यांवर बंदी आली आणि मार्कान्तोनियो तुरुंगात गेला. कार्डिनल मेदिची आणि शिल्पकार बाच्चो बांदिनेल्ली यांनी रदबदली करून त्याला सोडवले. पुढे पिएत्रो आरेतिनो या लेखकाने या चित्रांवर सुनिते रचली. मूळ प्रिंट्सचे आज ब्रिटिश म्युझियममध्ये काही तुकडे आहेत: कापून काढलेली डोकी, खांदे, मुद्दाम निरुपद्रवी केलेले.

जूलियो मात्र त्याच वर्षी मांतुआला गेला आणि तिथला राज्यकर्ता फेदेरिको गोंझागा याच्या पालाझ्झो ते या महालात कामाला लागला. तिथल्या सायकीच्या (प्रेमदेव क्युपिडच्या प्रेयसीच्या) दालनात त्याने 1526 ते 1528 च्या दरम्यान जी भित्तिचित्रे केली, त्यात ज्युपिटर आणि ऑलिंपियस (अलेक्झांडरची आई) यांचे एक चित्र आहे. उघडेपणात ते ‘इ मोदी’पेक्षा तसूभर कमी नाही. कोणीही जूलियोला बोलावून घेतले नाही, भिंत खरवडली नाही. ते चित्र आजही तिथे आहे.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की पहिला मुद्दा हाती येतो. चित्रकार तोच, काळ जवळजवळ तोच, शरीरे तितकीच उघडी. फरक दोन: मांतुआत अंगावर कथा होती, आणि ते चित्र भिंतीवर होते. भिंतीपाशी पोहोचायला गोंझागाचे आमंत्रण लागते. प्रिंटला काही लागत नाही; ते घडी घालून खिशात जाते. माझ्या मते या दोन फरकांपैकी दुसरा अधिक वजनाचा आहे. 1516 मध्ये खुद्द व्हॅटिकनमध्ये कार्डिनल बिब्बिएनाच्या स्नानगृहाच्या भिंतींवर राफाएलच्या कार्यशाळेने व्हीनस-अडोनिस आणि पॅन-सिरिंक्स रंगवले होते. पोपच्या घरात तेव्हा नग्नतेचे वावडे नव्हते. एका तांब्याच्या पत्र्यातून शेकडो प्रती निघतात आणि त्या कोणाच्या हाती जातील याचा अंदाज कोणालाच करता येत नाही, ही गोष्ट मात्र नवी होती आणि भीती तिची होती. कागद किती लांब जातो याचे आपल्या बाजूचे उदाहरण द्यायचे तर, गोव्याहून निघालेल्या जेझुइट पाद्र्यांनी 1580 मध्ये अकबराला जे अनेक भाषांतले बायबल भेट दिले ते अँटवर्पला छापलेले होते आणि त्यात याच तंत्राने कोरलेली चित्रे होती.

म्हणजे पुराणकथेचा काही उपयोग नव्हता का? होता. आणि इथे काराल्यो येतो.

‘इ मोदी’चा गाजावाजा ताजा असतानाच, 1527 च्या सुमारास, त्याच रोममध्ये, त्याच पोपच्या कारकिर्दीत बाविएरा नावाच्या प्रकाशकाने ‘देवांचे प्रणय’ ही वीस प्रिंट्सची मालिका काढायला घेतली. राफाएल हयात असताना त्याच्या प्रिंट्सचा व्यवहार पाहणारा हा माणूस; धंदा त्याला पुरता कळत होता. पहिली दोन रेखाटने रोस्सो फियोरेन्तिनोने दिली: प्लूटो-प्रोसर्पिना आणि सॅटर्न-फिलिरा. मग त्याचे बाविएराशी बिनसले आणि उरलेली पेरिनो देल वागाने केली. कोरणारा होता जान याकोपो काराल्यो. तुरुंगात कोणी गेले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले. मार्कान्तोनियो त्यात धुळीला मिळाला आणि बोलोन्याला परतला. काराल्यो व्हेनिसमार्गे पुढे पोलंडच्या राजा सिगिस्मुंडच्या दरबारी पोहोचला, तिथे सोनारकाम आणि रत्नांवर कोरीवकाम करत राहिला आणि 1565 मध्ये क्राकूवला वारला.

तुमच्या सदस्यांना हाच पुरावा वाटेल: पाहा, तीच चित्रे, देवांची नावे लावली आणि सुटले. निम्मे खरे आहे. बाविएराला ही सोय दिसलीच नसेल असे मी म्हणणार नाही. मालिकेतल्या काही चित्रांत देवाचे ओळखचिन्ह कोपऱ्यात पडलेले आहे आणि आलिंगन कोणाचेही असू शकते. पण चित्रेही बदलली आहेत, हे विसरू नका. ‘इ मोदी’त जे थेट दाखवले होते ते इथे बहुतेक ठिकाणी सूचित केले आहे. एकाचा पाय दुसऱ्याच्या मांडीवर टाकलेला असला की त्या काळच्या प्रेक्षकाला अर्थ कळत असे. आणखी काही दाखवायची गरज नव्हती. ही खूण शिल्पांतून आणि चित्रांतून रूढ झालेली होती.

माझी कसोटी साधी आहे आणि ती तुमच्या गटालाही वापरता येईल. चित्राखालचे नाव झाका. मग त्या जागी दुसऱ्याच देवाचे नाव मनात ठेवा. चित्र तसेच्या तसे चालले, तर कथा आडोसा आहे. चित्र मोडले, तर कथा आतपर्यंत गेलेली आहे.

रोस्सोच्या सॅटर्न-फिलिराला ही कसोटी लावा. बायकोने पकडू नये म्हणून सॅटर्न घोड्याचे रूप घेतो आणि फिलिराला पुढे अर्धा घोडा, अर्धा माणूस असा कायरॉन होतो. घोडा काढला तर काही उरत नाही; चित्राचा सगळा ताण त्या घोड्याच्या मानेत आणि स्त्रीच्या देहात आहे. आता अँटिओपी घ्या. ज्युपिटर सॅटरच्या रूपात येतो आणि ती झोपलेली आहे. तिला माहीतच नाही की समोर देव आहे. ते फक्त आपल्याला माहीत आहे. हे जास्तीचे ज्ञान चित्रकाराने प्रेक्षकाच्या पदरात टाकले आहे आणि त्यामुळे पाहणाऱ्याची जागा अवघड होते. निनावी सोळा आसनांत असे काही घडत नाही. तिथे पाहणारा कोणीच नसतो.

या कथा कुठून आल्या, हे गटाला नक्की सांगा. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या सहाव्या भागात अराक्नी नावाची विणकर मुलगी मिनर्व्हा देवीशी पैज लावते. देवी आपल्या मागावर देवांचे वैभव विणते. अराक्नी विणते ती देवांनी रूपे बदलून स्त्रियांना कसे फसवले त्याची चित्रे: युरोपापुढे बैल, लीडापुढे हंस, अँटिओपीपुढे सॅटर, अल्कमीनीपुढे तिच्याच नवऱ्याचे रूप. अहल्येची कथा ऐकलेल्या आपल्या माणसाला हे शेवटचे रूप समजावून सांगावे लागत नाही. याच यादीच्या शेवटी सॅटर्नचा घोडाही आहे. ओव्हिड त्या कापडाला स्वर्गातल्यांच्या गुन्ह्यांचे कापड म्हणतो. मिनर्व्हाला विणकामात एकही खोट काढता येत नाही, म्हणून ती ते फाडून टाकते.

‘देवांचे प्रणय’ या मालिकेचे मूळ मला या कापडात दिसते, आणि म्हणूनच या चित्रांना सरसकट प्रेमदृश्ये म्हणताना माझी जीभ अडखळते. यातली काही प्रेमाची आहेत: क्युपिड-सायकी, व्हीनस-मार्स, अपोलो-हायसिंथस. व्हर्टुम्नस-पोमोनाचा शेवट गोड होतो, पण तोही म्हातारीचे सोंग घेऊनच तिच्या बागेत शिरतो. बाकीच्यांत पळवून नेणे आहे, फसवणूक आहे, झोपेतल्या बाईवर आलेले संकट आहे. पाताळाचा देव प्लूटो प्रोसर्पिनाला उचलतो तेव्हा त्याला प्रणय म्हणणे हा मालिकेच्या नावाचा दोष आहे. सोळाव्या शतकातला गिऱ्हाईक यात काय पाही, हे गिऱ्हाइकावर अवलंबून होते. कोणी शरीर पाही, कोणी ओव्हिड ओळखल्याचा आनंद घेई, कोणी बोध काढी. ओव्हिडच्या कथांना नीतीचे अर्थ लावायची परंपरा मध्ययुगापासून होती आणि हार्लेमच्या कारेल फान मान्डरने 1604 च्या आपल्या ग्रंथातही असे विवेचन जोडले. तुमच्या गटात स्त्रिया असतील तर त्यांना प्रोसर्पिनाचा चेहरा आणि हात पाहायला सांगा, आणि त्यांचे म्हणणे आधी ऐका. चांगल्या कोरणाऱ्याने ती जबरदस्ती लपवलेली नसते.

आता माझ्या आवडीचा भाग, रेघेचा. याशिवाय ही चित्रे अर्धीच दिसतात.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालणारा छिन्नीवर हातोडी मारत टिंबाटिंबांनी अक्षरे उमटवतो. बुरीनचे काम याच्या उलट आहे: हातोडी नाही, ठोका नाही. पोलादाची चौकोनी दांडी तिरपी घासून टोक काढलेले असते, मूठ तळव्यात बसते आणि तळव्याच्या नुसत्या रेट्याने टोक तांब्यात सरकते. पुढे तांब्याची बारीक तार उठत जाते. दाब वाढवला की रेघ रुंद आणि खोल, कमी केला की केसासारखी. वळण घ्यायचे असेल तर हात फिरवायचा नाही, चामड्याच्या उशीवर ठेवलेली प्लेट फिरवायची. मग कडेचा कीस स्क्रेपरने काढायचा, शाई भरायची, पृष्ठभाग पुसायचा, ओलसर कागद ठेवून रोलर प्रेसमधून दाबायचे. कागद रेघेत शिरतो आणि शाई उचलतो. चित्र उलटे येते: प्लेटवरचा उजवा हात कागदावर डावा.

या साधनाला रंग नाही, करडी छटाही नाही. फक्त काळी रेघ आणि पांढरा कागद. आणि त्यातून मऊ कातडी दाखवायची. मार्कान्तोनियोने याची जी पद्धत बसवली ती पुढे दीडशे-दोनशे वर्षे युरोपभर शिकवली गेली. उजेडातली त्वचा म्हणजे कोरा कागद. सावलीकडे वळताना आधी बारीक टिंबे, मग तुटक रेघा, मग मांडीच्या किंवा खांद्याच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या सलग रेघा, आणि खोल सावलीत त्यांवर दुसरा थर आडवा. त्या टिंबांमुळे उजेड आणि सावली यांच्यात काठ राहत नाही. पलंगपोसाच्या चुण्यांना, केसांना, झाडाच्या सालीला प्रत्येकी वेगळी रेघ. नवशिक्याच्या हाती हेच शरीर पत्र्याचे दिसते, कारण तो सगळीकडे एकच जाळी टाकतो.

आता याचा आपल्या विषयाशी काय संबंध? कोरणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ कुठे दिला, हे प्रिंटवर लपत नाही. माझ्या हाताला तळहातापेक्षा थोड्या मोठ्या प्लेटला काही आठवडे लागतात. काराल्योच्या प्लेट्स साधारण 21 सेंमी उंचीच्या आहेत. इतके दिवस खर्चणारा माणूस कुठे मन लावतो ते पाहा. काराल्योत मला ते देहांच्या गुंत्यात दिसते: दोन शरीरे एकमेकांत अडकली आहेत आणि तरी कोणता हात कोणाचा हे रेघेच्या दिशेवरून स्पष्ट आहे. मायकेलअँजेलोच्या लीडावरून कॉर्नेलिस बॉस याने केलेल्या प्रिंटमध्ये पिसांची रेघ आणि मांडीची रेघ एकमेकींना भिडतात तिथे चित्राचा प्राण आहे. ते मूळ रंगचित्र मायकेलअँजेलोने फेरारच्या ड्यूकसाठी 1530 मध्ये केले, मग त्याच्या शिष्याबरोबर ते फ्रान्सला गेले आणि नाहीसे झाले. आज ती रचना आपल्याला माहीत आहे ती प्रतिकृतींमुळे, आणि त्यांतले हे प्रिंट महत्त्वाचे.

प्लेटची आणखी एक गोष्ट तुमच्या गटाला सांगण्याजोगी आहे. प्लेट ही प्रकाशकाची पुंजी असते. ती विकली जाते, वारशाने जाते, झिजली की पुन्हा कोरली जाते. आणि हवा बदलली की दुरुस्तही केली जाते. 1559 च्या पोपच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत आरेतिनोचे सगळे लेखन निषिद्ध झाले. 1563 च्या डिसेंबरात ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, धर्मचित्रांबद्दल ठराव केला. तो ठराव पुराणचित्रांबद्दल नव्हता, पण छापणाऱ्यांचे हात आखडू लागले ते याच काळात. नंतरच्या प्रतींत एखाद्या मांडीवर अचानक वस्त्र आलेले दिसते, एखादे पान उगवलेले दिसते.

यातले सर्वांत बोलके उदाहरण एनेआ विकोचे. 1543 मध्ये त्याने चित्रकार पार्मिजानिनोच्या रेखाटनावरून एक प्लेट कोरली: देवांचा लोहार व्हल्कन भट्टीशी काम करतो आहे आणि त्याच चित्रात पलंगावर त्याची बायको व्हीनस मार्सच्या मिठीत आहे. नंतरच्या अवस्थेत मार्स नाहीसा झाला आहे. पलंगावर व्हीनस एकटी. तांब्यावरून एक माणूस काढायचा म्हणजे काय करावे लागते ते सांगतो. रेघा खोल असतात, म्हणून आजूबाजूचा पत्रा स्क्रेपरने त्या खोलीपर्यंत खरवडावा लागतो. मग तिथे खड्डा पडतो आणि खड्ड्यात शाई साचते, म्हणून प्लेट मागून ठोकून तो भाग वर आणायचा, बर्निशरने घासून गुळगुळीत करायचा आणि त्या जागी चादर, उशी, स्त्रीच्या देहाचा झाकलेला भाग नव्याने कोरायचा. दिवसच्या दिवस जातात. कोणीतरी एवढा खर्च करून मार्स पुसला, पण प्लेट फेकली नाही, कारण तिला अजून गिऱ्हाईक होते.

आता माझी कसोटी इथे लावा. पहिल्या अवस्थेत कथा पूर्ण आहे: राबणारा नवरा, दोघे चोर, आणि एकाच चौकटीत सगळे पाहणारे आपण. दुसऱ्या अवस्थेत नाव तेच राहील, व्हीनस तीच, व्हल्कन तोच, पण कथा गेली. उरली ती निजलेली नग्न स्त्री आणि कामात गढलेला लोहार. माझ्या नजरेला ही ‘स्वच्छ’ केलेली प्रतच जास्त पोकळ वाटते. शृंगार काढताना त्यांनी अर्थ काढला आणि नग्नता तेवढी ठेवली. तुमच्या सदस्यांच्या आक्षेपाला यापेक्षा चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

उलट बाजूचा पुरावाही देतो, कारण तो द्यायलाच हवा. उर्बिनोकडे मातीच्या रंगीत ताटांवर चित्रे काढणारा फ्रान्चेस्को शान्तो आवेल्ली हा ‘इ मोदी’तल्या आकृती उचलून, त्यांचे हातपाय तसेच ठेवून, आपल्या कथांतली पात्रे बनवत असे. म्हणजे निनावी देहांना नाव लावण्याचा उद्योग त्या काळातही चालत होता. प्रिंट हे त्या काळच्या कारागिरांचे नमुन्याचे दप्तर होते. कुंभार, सोनार, मीनाकाम करणारे, सगळे त्यातून घेत. तिथे तुमचे सदस्य बरोबर आहेत.

गोल्ट्झियसकडे वळतो. हेंड्रिक गोल्ट्झियस हार्लेमचा. लहानपणी त्याचा उजवा हात भाजला होता आणि बोटे पुरती उघडत नसत. बुरीनची मूठ तळव्यात दाबून रेटायला तो हात चालला, एवढेच नाही, युरोपात त्याच्या तोडीचा हात दुसरा नव्हता. तुम्ही निवडलेले प्रिंट 1585 चे. होमरने ‘ओडिसी’च्या आठव्या भागात सांगितलेली कथा: सूर्य चुगली करतो, व्हल्कन न दिसणारे जाळे विणतो, जोडपे पलंगावर सापडते आणि देव पाहायला जमतात. कथेचा विषयच उघडे पडणे हा आहे. इथे नग्नता कथेला बाहेरून लावलेली नाही, ती कथेची गरज आहे. आणि जमलेल्या देवांबरोबर आपणही पाहणाऱ्यांत आहोत. नाव बदलून पाहा, चित्र लगेच कोसळते.

गोल्ट्झियसची रेघ मार्कान्तोनियोसारखी एका जाडीची नसते. ती फुगते आणि निमुळती होते, आणि आडव्या-उभ्या वळणांतून पडणाऱ्या शंकरपाळ्यांच्या मधोमध तो एकेक टिंब ठेवतो. लांबून स्नायू दिसतात, भिंगाखाली नुसते जाळे. 1587 मध्ये त्याने प्रागच्या दरबारी चित्रकार स्प्रांगरच्या रेखाटनावरून क्युपिड-सायकीचा विवाह कोरला. तीन प्लेट्स जोडून ते प्रिंट होते आणि रुंदी साधारण 85 सेंमी भरते. ढगांवर देवांची एवढी गर्दी आहे की वधूवर शोधावे लागतात.

विवाहावरून आठवले, आणि हे उदाहरण सहसा कोणी दाखवत नाही. मांतुआची दियाना, कोरणाऱ्याची मुलगी आणि स्वतः कोरणारी, 1575 मध्ये रोमला आली. तिने जूलियोच्या त्याच सायकीच्या दालनातली विवाहाची मेजवानी तीन प्लेट्सवर कोरली आणि त्याच वर्षी पोप तेराव्या ग्रेगरीकडून आपल्या प्रिंट्ससाठी विशेषाधिकार मिळवला: दुसऱ्या कोणी त्यांची नक्कल करायची नाही. पन्नास वर्षांपूर्वी जूलियोच्या रेखाटनांपायी कोरणारा तुरुंगात गेला होता. आता त्याच्याच रचनेला पोपचे संरक्षण, तेही ट्रेंटच्या परिषदेनंतर. निवड अर्थातच विचारपूर्वक होती. तिने ऑलिंपियसची भिंत घेतली नाही, लग्नाची घेतली. चौकटीत पाहुणे, भांडी, फळे, नग्न देव, सगळे आहेत आणि कोणाला आक्षेप घ्यावासा वाटू नये असे जुळवलेले आहेत. मला हे तडजोडीचे काम वाटत नाही. कोणत्या चित्रासाठी कागद हे योग्य ठिकाण आहे, हे तिने मार्कान्तोनियोपेक्षा नीट ओळखले होते.

तर गटापुढे मांडताना मी क्रम असा ठेवेन. सुरुवात ‘इ मोदी’च्या ब्रिटिश म्युझियममधल्या तुकड्यांनी करा, ते दाखवायला अडचण नाही आणि कात्रीने काय केले ते दिसते. मग पालाझ्झो तेच्या भिंतीचा फोटो, म्हणजे भिंत आणि कागद यांतला फरक आपोआप चर्चेत येईल. मग काराल्यो: अँटिओपीबरोबर सॅटर्न-फिलिराही घ्या. मग विकोच्या दोन अवस्था शेजारीशेजारी, आणि इथे घाई करू नका. नाव झाकण्याचा खेळ याच ठिकाणी खेळा. शेवटी गोल्ट्झियस, तोही मोठा करून, एका खांद्याचा तुकडा पडदाभर.

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरच्या मोठ्या प्रतिमा वापरा आणि प्रत्येकाखाली कोरणारा, मूळ रेखाटन कोणाचे, साल आणि अवस्था लिहा. प्रिंटच्या खालच्या पट्टीत बहुतेकदा हे असते: ‘इन्व्हेनित’ म्हणजे रचना त्याची, ‘स्कल्प्सित’ म्हणजे कोरले त्याने, ‘एक्सकुदित’ म्हणजे छापून विकले त्याने. क्वानीचे चित्र दाखवायचेच असेल तर 1798 हे साल आणि त्याचे नाव ठळक लिहून, सगळ्यांत शेवटी, तुमच्या सदस्यांच्या शंकेचे खरे उदाहरण म्हणून दाखवा. ते त्यांना द्यायला हरकत नाही.